पहिल्याच भेटीत फरक

आमच्या पंचशीलला खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुकाने नाही, तक्रार म्हणून सांगते आहे. लहानपणी घरी पाहुणे यायचे असले की आई आधी त्याला खेळायला बाहेर पिटाळायची, कारण "हेच ना ते काका, जे जेवल्याशिवाय जात नाहीत?" असं तो त्यांच्या तोंडावर विचारायचा. त्याचं लग्न ठरलं तेव्हा गिरिजाच्या अमरावतीच्या मावशीने आपल्या हातची पुरणपोळी वाढून मोठ्या हौसेने विचारलं, कशी झालीय? हा म्हणाला, "कडेला कच्ची आहे मावशी, पण मधे छान आहे." मावशी अजून ते विसरलेल्या नाहीत. आता तो चाळिशी ओलांडून गेला, डोक्यावरचे निम्मे केस गेले, पण तोंड तेच आहे.

आणि असा माणूस पोटासाठी करतो काय, तर जाहिराती लिहितो.

इंदुरात विजय नगरमध्ये एका काचेच्या इमारतीत त्याचं ऑफिस आहे. तिथे कीबोर्डवर बोटं ठेवली की त्याच्या अंगात काय संचारतं कोण जाणे. बायपासच्या पलीकडे झालेल्या एका कॉलनीसाठी त्याने लिहिलं, 'प्रकृति की गोद में'. मी मुद्दाम जाऊन बघितलं. निसर्ग म्हणून तिथे एक कडुलिंब होता आणि तोही शेजारच्या शेतातला. एका कोचिंग क्लासला त्याने यशाची हमी देऊन टाकली, जणू परीक्षेचे पेपर हाच तपासणार होता. केसांच्या तेलाबद्दल त्याने जे लिहिलंय ते तर त्याच्या डोक्याकडे बघत वाचूच नये.

रविवारी तो आणि गिरिजा महूला आमच्याकडे येतात आणि आम्ही सगळे विहारात जातो. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे चौथं शील म्हणताना माझ्या शेजारून येणारा त्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत असतो. एकदा बाहेर चपला घालता घालता मी विचारलंच, "काय रे, सोमवार ते शनिवार चारच शीलं पाळतोस का?"

"ताई, वो झूठ थोडी है," तो म्हणाला. "जाहिरातीची भाषाच तशी असते यार. वाचणाऱ्याला पण माहीत असतं. कोणी सिरीयसली घेत नाही."

आमच्या घरातच एक माणूस सिरीयसली घेत होता, हे तो साफ विसरला होता.

मी धम्मदीना, पंचशीलची मोठी बहीण. राजवाड्याच्या मागे एका बँकेत अधिकारी आहे, महूहून रोज बसने येते-जाते आणि बाबांजवळ राहते. बाबा म्हणजे सुभेदार आनंदराव, निवृत्त. त्यांचे वडीलही पलटणीतलेच. बाबांची सगळी नोकरी पलटणीच्या कचेरीत हुकूम टाइप करण्यात आणि ते पाळले जातात की नाही हे बघण्यात गेली. त्यामुळे त्यांचा नियम पक्का आहे. तोंडी बोललेलं म्हणजे हवा, कागदावर आलेलं म्हणजे हुकूम. मोबाइलवर आलेल्या कशालाही ते मान देत नाहीत, "यावर सही कुणाची आहे?" असं विचारून बाजूला ठेवतात. छापील कागदाचं मात्र वेगळं. साबणाच्या वेष्टनावर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असं लिहिलेलं त्यांनी एकदा वाचलं, तेव्हापासून आमच्या घरात साबण कपाटात असतो आणि आंघोळीच्या वेळी तो मागून घ्यावा लागतो.

गिरिजा फिजिओथेरपिस्ट आहे. गेल्या वर्षी तिने एका मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी सोडली आणि विजय नगरलाच, घराजवळ, दोन खोल्या घेऊन स्वतःचा दवाखाना काढला. गुडघे हा तिचा खास विषय. हात चांगला, बोलणं मोजकं, पण पेशंट काही येईनात. दिवाळीपर्यंत जम बसला तर ठीक, नाहीतर मुकाट्याने परत नोकरी धरायची, असं तिने स्वतःलाच बजावलं होतं. शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, एक साधा पर्चा लिहून दे, पेपरमध्ये घालून घरोघर वाटू.

साधा म्हणाली, आणि तेही पंचशीलला.

त्याने लिहून आणलं तेव्हा ती दवाखान्यात स्टुलावर चढून पडदे लावत होती. त्याने खालून ठसक्यात वाचून दाखवलं, "घुटनों के दर्द से सदा के लिए आज़ादी! अत्याधुनिक तकनीक का जादू! पहली ही विज़िट में फ़र्क!"

"त्यातली जादू काढ," अर्धवट ऐकणारी गिरिजा वरूनच म्हणाली. "मी व्यायाम करून घेते आणि तो दुखतो. त्यात कसली आलीय जादू?"

बायकोचं ऐकणारा नवरा आहे तो. त्याने जादू काढली, तिथे 'चमत्कार' घातला आणि कागद छापायला देऊन मोकळा झाला.

त्या रविवारी महूला येताना तो पर्च्यांचा गठ्ठा घेऊन आला. बाबांनी चष्मा लावून एक पर्चा वाचला, उलटा करून मागे काही आहे का बघितलं, आणि पुन्हा वाचला. त्यांचे स्वतःचे गुडघे तेव्हा बरेच कुरकुरत होते, जिना उतरताना कठडा सोडवत नव्हता. कुणाला दाखवायला मात्र ते तयार नसत. सुनेला तपासायला सांगणं त्यांना अवघड वाटत असावं. पण आता कागद आला होता.

"गिरिजा लेखी देतेय," ते मला म्हणाले, "पहिल्याच भेटीत फरक. लेखी कोण देतं आजकाल?" त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला पुढे काही बोलवेना.

रोज सकाळी मैदानाच्या कट्ट्यावर पेन्शनर मंडळी जमतात. सगळे पलटणीतून निवृत्त झालेले आणि सगळ्यांचे गुडघे आयुष्यभर परेड करून बसलेले. बाबांनी तिथे पर्चा मोठ्याने वाचून दाखवला आणि शेवटी स्वतःचा शब्द दिला, "माझी सून आहे. लिहिलंय ते होणार." पुढच्या दुसऱ्या शनिवारी व्हॅन ठरली. माझ्या बँकेला सुट्टी होती म्हणून मीही बसले. महू ते विजय नगर सगळा रस्ताभर या म्हाताऱ्यांनी जे बेत केले ते ऐकण्यासारखे होते. एकाला नातीच्या वरातीत नाचायचं होतं. हवालदार जयसिंगरावांना फक्त इतकंच हवं होतं की पंगतीत खाली बसता यावं. ते मोठे कडक माणूस, पण त्या दिवशी कपाळावर आठी नव्हती.

गिरिजाच्या दवाखान्यात खुर्च्या कमी पडल्या. बिचारी इतकी आनंदली की तिने समोरच्या दुकानातून खुर्च्या मागवल्या. एकेकाला आत घेऊन तिने नीट तपासलं. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती दाबायला लावली, पाय सरळ उचलून धरायला लावला, मांडीचे स्नायू कसे कामाला लावायचे ते समजावलं. आतून कण्हण्याचे आवाज येत होते. बाहेर बाबा पाठ ताठ करून बसले होते, जणू परेडची सलामी तेच घेत होते.

सगळ्यांचं झाल्यावर जयसिंगराव उठले. दवाखान्याच्या दारापासून जिन्यापर्यंत चालत गेले, वळले, परत आले.

"फर्क नाही," त्यांनी जाहीर केलं.

मग बाकीचेही उठले आणि एकामागून एक तसेच चालून आले. एरवी मी पोट धरून हसले असते. प्रत्येक जण परत येऊन रिपोर्ट द्यावा तसं सांगत होता, फरक नाही. एकाला तर आधीपेक्षा जास्त दुखत होतं.

"आज फरक पडणार नाही काका," गिरिजा म्हणाली. "रोज व्यायाम केलात तर हळूहळू पडेल."

"मॅडम, व्यायाम तो जिंदगीभर केला आम्ही पलटणीत." जयसिंगरावांनी खिशातून चार घड्या घातलेला पर्चा काढून तिच्यापुढे धरला. "हे लिहिलंय म्हणून आलो."

छापून आलेला तो पर्चा गिरिजाने त्या दिवशी पहिल्यांदाच नीट वाचला. मी तिच्याकडे बघत होते. तिचे कान लाल झाले.

बाबा उभे राहिले. "गिरिजा, हे तुझ्या दवाखान्याचं आहे ना?"

'तुमच्या मुलाने लिहिलंय' एवढं एक वाक्य तिने बोलायचं होतं. मीच बोलणार होते, पण तिने डोळ्यांनीच मला अडवलं.

"माझं नाव आहे बाबा त्यावर," ती म्हणाली. "म्हणजे माझंच."

समोरून चहा आला होता, तो न घेताच बाबा खाली जाऊन व्हॅनमध्ये बसले. ते कठडा धरून उतरत असताना मी मागून बघत होते आणि मला रडू येत होतं. परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये कुणीही वरातीची गोष्ट काढली नाही.

संध्याकाळी पंचशीलला सगळं कळलं. त्याने लगेच बाबांना फोन केला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. "बाबा, वो मैंने लिखा था. गिरिजाने तर छापण्याआधी वाचलं पण नव्हतं."

"नवरा आहेस, बायकोला सांभाळून घेतोस, चांगलं आहे," बाबा म्हणाले. "पण कागदावर तिचं नाव आहे. तुझं कुठे आहे?" आणि फोन माझ्या हातात देऊन ते देवडीत जाऊन बसले.

झालं. आयुष्यात एकदाही खोटं न बोललेल्या माणसावर, तो खरं बोलत असताना, त्याच्या बापाचा विश्वास बसेना. मला इतका राग आला होता पंचशीलचा, तरी मनातल्या मनात एकदा हसून घेतलं.

पण हसण्याचे दिवस नव्हते. बाबांनी कट्ट्यावर जाणं बंद केलं. दिलेला शब्द खोटा पडला, आता कुठल्या तोंडाने जायचं? सकाळी बूट घालायचे आणि अंगणात फेऱ्या मारून काढून ठेवायचे. मी भाजी घ्यायला गेले तर तिथली बाई मला म्हणाली, "दीदी, वो चमत्कार वाली डॉक्टरनी तुमचीच वहिनी ना?" महूत बातमी पोहोचली म्हणजे इंदुरात पोहोचायला कितीसा वेळ. जे मोजके पेशंट होते त्यांतलेही गळायला लागले. पुढच्या रविवारी पंचशील एकटाच आला. गिरिजाला बरं नाही म्हणाला, आणि म्हणताना त्याचे डोळे असे पळाले की लहान मुलानेही ओळखलं असतं.

सोमवारी बँक सुटल्यावर मी महूची बस सोडून दिली आणि विजय नगरला पंचशीलचं घर गाठलं. साहेब टेबलाशी बसून लिहीत होते. चूक सुधारायची म्हणून नवा पर्चा करत होते. मी मागून वाचलं. 'विश्वास का नया सवेरा! आपके घुटनों का सच्चा साथी!'

मी लॅपटॉपचं झाकण त्याच्या बोटांवरच लावलं.

"ताई!"

"जयसिंगरावांना फोन लाव. माफी माग."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघतोस?"

फोन लावला. आवाज मोठा ठेवायला लावला. गिरिजा स्वयंपाकघरात पोळ्या करत होती, तिचं लाटणं थांबलेलं मला कळलं.

"काका, तो पर्चा मी लिहिला होता. चुकीचं लिहिलं. सॉरी."

"मग खरं काय आहे ते तरी सांग," पलीकडून जयसिंगराव गुरकावले. "तिने सांगितलं ते केलं तर दुखेल का?"

"दुखेल काका. पहिले दिवस तर आधीपेक्षा जास्त दुखेल. तेव्हाच लोक सोडतात."

"आणि किती दिवस चालेल हे?"

"महिना-दीड महिना तर काहीच कळत नाही. मग एखाद्या दिवशी जिना उतरताना ध्यानात येतं की कठडा धरला नाही. रोज केलं तर हां. गिरिजा सांगते, जो एक दिवस करतो आणि दोन दिवस सोडतो त्याने पैसे घालवू नयेत."

"ऑपरेशन टळेल?"

"काहींचं टळतं, काहींचं नाही. ज्याचं टळणार नाही त्याला ती तपासून पहिल्याच दिवशी सांगते, सर्जनकडे जा म्हणते. असे दोन पेशंट तिने आत्ता परत पाठवले. दवाखान्यात माणूस नाही आणि ही असलेले परत पाठवते, मेरा तो दिमाग खराब हो गया था."

पलीकडे जयसिंगराव हसले असावेत, खोकल्यासारखा आवाज आला. "मग असंच का नाही लिहिलंस रे गधड्या?"

"असं लिहिलं असतं तर तुम्ही आला असता का?"

"नसतो आलो," जयसिंगराव म्हणाले. "व्हॅनभरून तर नसतोच आलो. पण एक-दोघे आले असते ते परत तरी आले असते." आणि फोन ठेवला.

"आता जे बोललास ते लिही," मी म्हटलं.

"ताई, वो कॉपी नहीं है. जाहिरातीचा मजकूर असा नसतो, ती तर नुसती बात आहे."

"मग बातच लिही."

त्याला ते काही पटेना. अठरा वर्षं ज्या धंद्यात काढली त्याच्यात, बोलतो तसं लिहायचं म्हणजे चारचौघांत बनियनवर हिंडायचं, असा चेहरा केला त्याने. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला रजा टाकून तो दवाखान्याच्या बाकड्यावर जाऊन बसला. हे मात्र त्याचं त्याने ठरवलं, माझं त्यात काही नाही. उरलेसुरले चार पेशंट आले होते. त्यांतल्या कुणीही आत शिरताना 'तुमचं तंत्रज्ञान अत्याधुनिक आहे का' असं विचारलं नाही, हे त्याने मला फोन करून सांगितलं. जसं काही मोठा शोध लागला होता. सगळ्यांचे प्रश्न तेच, दुखेल का, किती दिवस, आणि घरी कुणी करवून घ्यायला नसेल तर जमेल का. हा तिसरा प्रश्न एका आजीबाईंनी खाली मान घालून विचारला होता. तो त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

मग लिहिणं सुरू झालं आणि आम्हा दोघींच्या डोक्याला ताप. तो स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्याने वाचायचा, आम्ही पोळ्या करता करता ऐकायचो. सवय कुठे जाते? दर दोन ओळींनी एखादं भरजरी विशेषण डोकं वर काढायचंच.

"'अत्याधुनिक उपकरणांद्वारे'," तो वाचायचा.

"कोणतं अत्याधुनिक?" गिरिजा विचारायची. "टॉवेल?"

खोडायचा. पुढे जायचा. "'आपले समाधान हेच आमचे...'"

"असं तू कुणाशी बोलतोस रे?" मी. "माझ्याशी तरी कधी बोललायस का?"

पुन्हा खोडायचा. शेवटी त्याने कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, समजा समोर जयसिंगकाका बसलेत आणि बोलत बसलोय असं धरतो. त्यानंतर मात्र गाडी चालली. आणि मग एका ठिकाणी तो थांबला, आमच्याकडे पाठ करून काहीतरी लिहिलं, आणि न वाचताच कागद गिरिजापुढे ठेवला.

पर्चा हिंदीतच होता, पण मी मराठीत सांगते. 'जिना उतरताना तुम्ही कठडा धरता का? मी गिरिजा. मी गुडघ्यांचे व्यायाम करून घेते. ते दुखतात. पहिल्या भेटीत काही फरक पडत नाही. रोज केले तर बहुतेकांना दीड-दोन महिन्यांत फरक कळतो, सगळ्यांना नाही. तुम्हाला ऑपरेशनच लागणार असेल तर तेही मी पहिल्याच दिवशी सांगेन. घरी करवून घ्यायला कुणी नसेल तर दवाखान्यात या, इथे करू.' आणि त्याच्या खाली, पाठ करून लिहिलेलं ते. ते हिंदीतच सांगते, कारण त्याची मजा तशीच आहे. 'पिछले पर्चे में चमत्कार लिखा था. वह ग़लत था. वह मेरे पति पंचशील ने लिखा था. यह भी उन्हीं ने लिखा है, पर इस बार छपने से पहले मैंने पढ़ लिया है.'

गिरिजा वाचून इतकी हसली की तव्यावरची पोळी जळाली. कितीतरी दिवसांनी हसली होती. मग डोळे पुसत म्हणाली, "नाव नको घालूस रे. ऑफिसात काय म्हणतील?"

"बाबांना नाव पाहिजे," तो म्हणाला. "छापील."

दुसऱ्या दिवशी दुपारी छापखान्यातून अस्सल इंदुरी फोन आला. "भिया, ये पति वाली लाइन गलती से आ गई क्या? हटा दूँ?"

"नहीं भिया," पंचशील म्हणाला, "बाकी सब हटा दो तो चलेगा, ये रहने दो."

दवाखान्याचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. रांगा वगैरे लागल्या नाहीत. पहिल्या पर्च्याने व्हॅन भरून आली होती, या पर्च्याने एकेक माणूस आलं. काही जण तर फक्त 'वो पति कौन है' हे बघायला आले आणि गुडघा दाखवून गेले. पण आले ते टिकले. दिवाळी झाली, दवाखाना आहे, आणि ती खाली मान घालून विचारणारी आजी आता दुसऱ्यांचे व्यायाम मोजायला बसते. पंचशीलच्या ऑफिसात 'प्रकृति की गोद' अजून चालूच आहे, माणूस एकदम थोडाच सुधारतो? फक्त परवा एका कॉलनीच्या जाहिरातीत त्याने लिहिलं की बस स्टॉप लांब आहे, चालत जावं लागतं. त्याच्या साहेबांनी ते खोडलं. याने परत घातलं. साहेबांनी परत खोडलं. सध्या तिथवर आलंय.

पण मला सांगायचं होतं ते त्या सकाळचं, ज्या दिवशी नवा पर्चा पेपरमधून महूला आला.

बाबांनी पेपर उघडला आणि पर्चा खाली पडला. त्यांनी चष्मा पुसला. वाचला, मागची बाजू बघितली, पुन्हा वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ते बराच वेळ बसून राहिले. मी ओट्याशी उभी होते, चहा उतू गेला तरी गॅस बंद करायचं मला सुचलं नाही. मग ते उठले, बूट घातले आणि म्हणाले, "दीना, चल."

मी बँकेत फोन करून सांगितलं, उशीर होईल. बसमध्ये त्यांनी पर्चा घडी न घालता गुडघ्यावर धरला होता.

दवाखान्याचा जिना ते कठडा धरून चढले. पंचशील ऑफिसला जाण्याआधी तिथे खुर्च्या पुसत होता. बाबांना दारात बघून त्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. गिरिजा आतून बाहेर आली, डोक्यावरून पदर घ्यावा की काय अशी गोंधळली आणि पदर नाही हे लक्षात आल्यावर आणखीनच गोंधळली.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "मी सगळ्यांसमोर तुला विचारलं. उत्तर चुकीचं घेतलं. आता सगळ्यांसमोर सांगायचं तर ते लोक इथे नाहीत, म्हणून उद्या कट्ट्यावर सांगणार आहे. आज फक्त तुला सांगतो, माझी चूक झाली."

"बाबा, असं नका ना," एवढंच ती कसंबसं म्हणाली.

मग ते मुलाकडे वळले. पर्चा त्याच्यासमोर धरला.

"बापाचं आडनाव लावतोस. सगळ्या इंदुरात वाटलंस हे. छापताना लाज नाही वाटली?"

पंचशील बेचाळीस वर्षांचा माणूस, पण शाळेतल्या मुलासारखा उभा होता. "वाटली बाबा," तो म्हणाला. "फार वाटली."

"पहिला छापताना वाटली होती?"

"नाही."

बाबांनी मान हलवली. पर्चा घडी करून वरच्या खिशात, पेन्शनच्या कार्डाशेजारी ठेवला. मग बूट काढले, आत गेले, पलंगावर आडवे झाले आणि टॉवेल स्वतःच गुंडाळून गुडघ्याखाली सारला.

"घे," ते गिरिजाला म्हणाले. "किती दुखतंय ते बघू."